सूचना न घेता

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. म्हण करणाऱ्याने वकिलांचा विचार केलेला दिसत नाही. ताईसाहेब ती पायरी आयुष्यभर रोज चढल्या, आणि तरीही त्या इमारतीत त्यांच्याइतकं शहाणं माणूस दुसरं नाही, असं त्यांचे विरोधकसुद्धा म्हणत. वकिलाबद्दल विरोधकांनी काही बरं म्हटलं तर ते खरं मानावं. अशिलांची स्तुती निकालावर अवलंबून असते.

ताईंचे वडील याच कोर्टाच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या छपराखाली टाइपरायटर घेऊन बसत. लोकांचे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणं हा त्यांचा धंदा. शाळा सुटली की ताई त्यांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून अभ्यास करायच्या, आणि तिथे सतत कानावर पडायची ती कोर्टाची भाषा. ती इतकी अंगात भिनली की धाकट्या भावाशी भांडतानाही त्या "सदर पेन्सिल माझ्या ताब्यात होती" असं म्हणायच्या. भाऊ दहा वर्षांनी लहान. त्याला 'सदर' म्हणजे काय ते कळायचं नाही, पण पेन्सिल गेली एवढं कळायचं.

आई लवकर गेली. वडील गेले तेव्हा ताईंचं कायद्याचं शेवटचं वर्ष होतं आणि भाऊ शाळेत होता. नातेवाईक आले, हळहळले, आणि "काही लागलं तर सांगा" म्हणून पत्ता न ठेवता निघून गेले. ताईंनी कंबर कसली. दिवसा कोर्ट, संध्याकाळी दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या, आणि उरलेल्या वेळात भावाचा अभ्यास, त्याचा ताप-खोकला आणि त्याची भूक. भूक त्याला फार लागायची. ताईंना स्थळं आली नाहीत असं नाही. येत होती. पण त्या दर वेळी पुढची तारीख मागत राहिल्या, आणि कधीतरी तो दावा कुणाच्या लक्षातही न येता निकाली निघाला.

वकिली ताई एका थोरल्या वकिलांच्या हाताखाली शिकल्या. ते मोजकंच बोलत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताईंना सांगितलं, "तोंड आपलं, शब्द अशिलाचा." म्हणजे ज्याची बाजू आपण मांडतो त्याला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. समोरचा पक्ष सोन्यासारखी तडजोड पुढे करो, न्यायाधीश डोळे वटारोत, वकिलाने एवढंच म्हणायचं, "सूचना घेऊन सांगते." मग बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या अशिलाला सगळं समजावायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, आणि तो म्हणेल ते आत येऊन सांगायचं.

हे वाक्य इतर वकीलही म्हणत, पण ते बहुतेक वेळा चहा प्यायला वेळ मिळावा म्हणून. ताई ते अक्षरशः पाळत. एकदा एक न्यायाधीश वैतागून म्हणाले, "बाई, बाहेर ऊन आहे की ढग, असं विचारलं तरी तुम्ही सूचना घेऊन सांगाल!" ताई शांतपणे म्हणाल्या, "उन्हात माझा अशील उभा असेल साहेब, तर त्याला विचारायला हवं." सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले आणि त्यांनी तारीख दिली.

भावाभावांच्या वाटणीत एका सुताराला समोरचे लोक अख्खं दुकान द्यायला तयार झाले होते. ताईंनी बाहेर जाऊन त्याला विचारलं. तो म्हणाला, दुकान द्या त्यांनाच, मला बाबांची हत्यारं हवीत. दुसऱ्या कुणी परस्पर दुकान मान्य केलं असतं आणि वर पाठ थोपटून घेतली असती. ताई म्हणायच्या, माणसाला काय हवंय ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. हे त्या मनापासून म्हणत. म्हणूनच तर पुढचं सगळं सांगावंसं वाटतं.

धाकट्याला काय व्हायचं होतं हे कुणी विचारल्याचं कुणाला आठवत नाही. घरात कायद्याची पुस्तकं आयती होती, काळा कोट आयता होता. पाणी उताराकडे जातं तसा तो वकील झाला. पहिल्या दिवशी ताईंच्या कारकुनाने त्याला "धाकटे साहेब" अशी हाक मारली, ती चिकटली ती चिकटलीच. पुढे टक्कल पडलं, पोट सुटलं, मुलगी शिकायला परगावी गेली, पण त्या इमारतीत तो धाकटेच राहिला. एकदा एका नव्या पट्टेवाल्याने धाकटे वकील कोण म्हणून चौकशी केली, आणि लोकांनी याच्याकडे बोट दाखवलं तेव्हा त्याला वाटलं, नवीन म्हणून आपली फिरकी घेतायत.

धाकटा अपघातांचे दावे चालवायचा. रस्त्यावर कुणाचा माणूस गेला, कुणाचा हात-पाय गेला, तर त्यांना नुकसानभरपाई मिळवून द्यायची. त्या रडवेल्या माणसांशी बोलावं तर त्यानेच. पाणी द्यायचा, घाई करायचा नाही, आणि त्यांना एकदाही "मुद्द्याचं बोला" असं म्हणायचा नाही. मात्र कोर्टात न्यायाधीशाने अचानक आडवा प्रश्न टाकला की तो थबकायचा. त्याला उत्तर येत नसे असं नाही. ते यायला वेळ लागे. आणि तेवढ्या वेळात मागच्या बाकावरून ताई उठून उभ्या राहत. "साहेब, माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं आहे..." न्यायाधीशांची नजर धाकट्याच्या डोक्यावरून मागे जाई. तो बाजूला सरकून जागा देई आणि हसे.

त्या हसण्याचा अर्थ ताईंनी 'बरं झालं बाई आलीस' असा लावून ठेवला होता. साक्षीदाराची पापणी हलली तरी ज्यांना खोटं कळायचं, त्यांनी घरच्या माणसाचं हसणं एवढ्या वर्षांत एकदाही नीट वाचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

न्यायाधीश व्हावं असं ताईंना फार वाटे. हे त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. वकिलांमध्ये ही इच्छा बोलणाऱ्याचं हसं होतं आणि न बोलणाऱ्याचं आयुष्य निघून जातं. त्यांना गाडीचा सोस नव्हता, मानाचाही फारसा नव्हता. एका बाजूने बोलण्याचा त्यांना थकवा आला होता. समोरच्याचं म्हणणं मनातून पटलं तरी उभं राहून ते खोडून काढायचं, हेच त्यांचं काम. एकदा तरी दोन्हीकडचं पूर्ण ऐकावं, घरी जाऊन शांतपणे विचार करावा आणि जे बरोबर वाटेल ते लिहावं, एवढीच त्यांची इच्छा. पण वय सत्तावन्न सरत आलं होतं, आणि तिथला नियम असा की अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या वकिलाचं नाव पुढे पाठवत नसत.

अशात एका सोमवारी मुख्य न्यायाधीशांनी त्यांना आपल्या दालनात बोलावून घेतलं. दालन मोठं होतं आणि खुर्च्या इतक्या मऊ, की बसल्यावर माणूस एकदम लहान दिसायचा. चहा आला. मुख्य न्यायाधीशांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"बाई, इथे एक जागा रिकामी होतेय. तुमचं नाव पाठवायचं आमच्या मनात आहे. तुमची संमती हवी."

ताई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"एक अडचण आहे," मुख्य न्यायाधीश पुढे म्हणाले. "तुमचे बंधू इथेच वकिली करतात. नियम तुम्हाला माहीत आहे. न्यायाधीशाच्या सख्ख्या नातेवाईकाला या इमारतीत उभं राहता येत नाही. त्यांना दुसऱ्या गावच्या कोर्टात जावं लागेल. घरी बोला. शुक्रवारपर्यंत कागद माझ्या टेबलावर आहे. आणि हे बाहेर कुठे नको."

दुसरं गाव अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर होतं. ताईंच्या डोळ्यांपुढे धाकटा आला. अनोळखी कोर्ट, आडवा प्रश्न, थबकलेला धाकटा, आणि मागचा बाक रिकामा. पन्नाशीला आलेला माणूस पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करणार. सगळे त्याला फाडून खातील. शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून "ताई, भूक" म्हणणारा पोरगा त्यांना दिसला, आणि त्यांचं ठरलं.

"विचार करायची गरज नाही, साहेब. मला जमणार नाही."

मुख्य न्यायाधीश बघत राहिले. मग किंचित हसून म्हणाले, "सूचना घेऊन सांगणार नाही?"

"यात अशील मीच आहे," ताई म्हणाल्या.

आयुष्यभरात त्यांनी केलेलं हे पहिलं चुकीचं विधान. त्या दाराबाहेर पडल्या तेव्हा मान ताठ होती. त्याग हा मोठा आगाऊ गुण आहे. ज्याच्यासाठी करायचा त्याला तो दाराबाहेर बसवून ठेवतो.

इमारतीच्या भिंतींना कान असतात, आणि कोर्टाच्या भिंतींना तर तोंडही असतं. ताई दालनात गेल्या, दार बंद झालं, चहा आत गेला, एवढं तीन माणसांनी पाहिलं. दुपारपर्यंत वकिलांच्या बार रूममध्ये त्या न्यायाधीश होऊन बसल्या होत्या, आणि नाव शुक्रवारी जाणार हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्या आल्या की लोक उगाच उभे राहू लागले. ताईंनी काही कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही, कारण गोष्ट गोपनीय होती. लोकांना वाटलं, हीच तर मोठेपणाची खूण.

ही बातमी धाकट्यानेही ऐकली. ताई वरच्या मजल्यावर राहत, तो बायकोबरोबर खालच्या. जेवण सगळ्यांचं एकत्र. त्या दिवशी जेवताना त्याने भाजी वाढून घेत सहज विचारलं, "ताई, काही सांगायचंय का?"

"कशाबद्दल?"

"नाही, असंच."

"काही नाही," ताई म्हणाल्या.

तो मनात समजला. हिच्यावर गुप्ततेचं बंधन आहे, होणाऱ्या न्यायाधीशाला असं खोदून विचारणं बरं नव्हे. तिकडे ताईंना वाटलं, झालं गेलं, सांगून त्याच्या डोक्यावर उपकाराचं ओझं कशाला ठेवा. दोघंही पक्के वकील. मुद्दा सोडून सगळ्या विषयांवर बोलले. भावजय मात्र दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. ती शाळेत शिकवायची, आणि वर्गात दोन मुलं एकदम गप्प झाली की काय समजायचं हे तिला माहीत होतं. पण नवऱ्याने तिला बजावून ठेवलं होतं, ताईला विचारायचं नाही.

तो आठवडा धाकटा काही वेगळाच दिसत होता. सकाळी शीळ घालत दाढी करायचा. ताईंना वाटलं, बरं आहे, याला काही कळलेलं नाही. बुधवारी त्याने एक दावा चालवला तेव्हा त्यांना दुसऱ्या कोर्टात काम होतं, जाता आलं नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "झालं." बास. गुरुवार-शुक्रवार तो गावाला जाऊन आला. मित्राकडे काम आहे म्हणाला.

शनिवारी दुपारी ताईंच्या कारकुनाने फायली बांधता बांधता विचारलं, "ताईसाहेब, धाकट्या साहेबांचं कपाट आता मी वापरू का? रिकामंच केलंय त्यांनी."

"रिकामं? कशासाठी?"

"आता ते जाणार म्हटल्यावर," कारकून म्हणाला. "सगळ्या अशिलांना स्वतः भेटून आले की. ज्यांना यांच्याबरोबर यायचं नाही त्यांना दुसरे वकील लावून दिले. तुम्हाला माहीत नाही?"

ताई घरी आल्या तेव्हा धाकटा खालच्या खोलीत जमिनीवर बसून पुस्तकं खोक्यात भरत होता. त्यांना बघून तो उठला आणि लहान मुलासारखा हसला.

"आता सांगायला हरकत नाही ना? शुक्रवार उलटला. नाव गेलं असेल." त्याने हात झटकले. "ताई, तू माझी काळजी करत असशील म्हणून आधी सगळं जमवूनच टाकलं. तिथल्या कोर्टासमोर खोली घेतलीय. लहान आहे, पण खिडकी रस्त्याकडे आहे. हिची बदली होईपर्यंत मी एकटा राहीन. आधी वाटलं, तुझ्यासाठी एवढं करायलाच हवं. पण काल तिथे हिंडून आलो ना, ताई, तर काय सांगू! त्या कोर्टात मला कुणी ओळखत नाही. कुणीसुद्धा नाही. कुणी धाकटे म्हणणार नाही मला." त्याचे डोळे चमकत होते. "बुधवारी तू नव्हतीस तेव्हा मी एकट्याने युक्तिवाद केला. अडखळलो. पण केला."

ताई खोक्याच्या कडेवर बसल्या. भावजय कॉफीचे कप घेऊन आली आणि त्यांचा चेहरा बघून दारातच थांबली.

"बाळ," ताई म्हणाल्या, "मी नाही म्हणून सांगितलंय."

"कुणाला?"

"मुख्य न्यायाधीशांना. सोमवारीच. तुला हे कोर्ट सोडावं लागलं असतं. तुझं कसं झालं असतं तिथे?"

ताईंना वाटलं, आता याचा गळा भरून येईल. त्यांनी हातही थोडा पुढे केला होता. धाकट्याचा चेहरा मात्र हळूहळू लाल झाला.

"कुणाला विचारून?"

"अरे, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी! कुणाला विचारून, ते सांग. माझ्या वतीने बोलायला तुला वकालतनामा कुणी दिला होता?" त्याचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत तो ताईंवर कधी ओरडला नव्हता. "रस्त्यावरचा कुठलाही माणूस तुझ्याकडे आला तर तू व्हरांड्यात जाऊन त्याला विचारतेस, बाबा रे, तुला काय हवंय? मी खालच्या मजल्यावर राहतो, ताई. एक जिना उतरायचा होतास."

ताईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"तू मला भाऊ म्हणून विचारलं नाहीस तर नाही," तो आता हळू बोलत होता, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. "अशील तरी समजायचं होतंस."

भावजयीने कप खाली ठेवले. "ताई, आम्ही तयारी केली होती हो," ती एवढंच म्हणाली. तिचा स्वर रागाचा नव्हता.

सोमवारी दालन उघडायच्या आधीच ताई दाराशी उभ्या होत्या. मुख्य न्यायाधीशांनी त्यांना आत घेतलं, सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग दुसरं नाव गेलं. परत मागवता येत नाही."

"पुढच्या वेळी?"

"पुढची जागा रिकामी होईपर्यंत तुमचं अठ्ठावन्न उलटून जाईल." त्यांनी चष्मा उचलला. "मी त्या दिवशी तुम्हाला टोकलं होतं. तुम्ही नेहमीसारखं एक वाक्य म्हणाला असतात, तर आज चित्र वेगळं असतं. मला खरंच वाईट वाटतंय."

ताईंनी आभार मानले, दार नीट ओढून घेतलं, आणि ग्रंथालयात जुन्या निकालांच्या कपाटांमागे, जिथे कुणी फिरकत नाही, तिथे जाऊन रडल्या. भावावर आलेला राग केव्हाच गेला होता. नशिबाला बोल लावावा तर तेही निर्दोष होतं. ते तर चहासकट समोर येऊन बसलं होतं. हातातोंडाशी आलेला घास त्यांनी स्वतः बाजूला सारला, आणि ज्याच्या पानात वाढला असं त्यांना वाटलं त्याच्या पानातूनही तो काढूनच घेतला. एक प्रश्न विचारला असता तर दोघांनाही हवं ते मिळालं असतं. हे त्यांना त्या कपाटांमागे अगदी स्वच्छ कळलं, आणि स्वच्छ कळण्याचा काही उपयोग नव्हता.

घरी येऊन त्यांनी धाकट्याला सांगितलं की उशीर झाला. तो बराच वेळ सुतळीची गाठ मारत राहिला.

"मग आता तू थांबशील ना?" असा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता. पण तो प्रश्न नव्हता, ते उत्तर होतं. त्यांनी तो गिळला.

तोच म्हणाला, "मी जाणार आहे, ताई. आधी तुझ्यासाठी जाणार होतो. आता माझ्यासाठी जातो."

"बरं," ताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "काही मदत करू का?"

"नको," तो म्हणाला. आणि त्यांनी केली नाही. खोकी दारात येईपर्यंत त्या जिन्यावर बसून होत्या. कोट घडी करताना तो चुरगळतोय हे दिसत होतं, तरी उठल्या नाहीत. आयुष्यात त्यांना इतकं कठीण काम क्वचितच पडलं असेल.

न्यायाधीश झाले ते एक चष्मेवाले वकील. अनेक खटल्यांत ताईंच्या विरुद्ध उभे राहिलेले, अभ्यासू, सरळ मनाचे गृहस्थ. ते नालायक असते तर निदान चिडायला तरी कुणी मिळालं असतं. शपथ झाली. वकिलांच्या वतीने चार शब्द बोलायचा मान रिवाजाप्रमाणे सगळ्यात ज्येष्ठ वकिलाचा, म्हणजे ताईंचा. त्या उभ्या राहिल्या, त्यांच्या गुणांबद्दल खरं खरं बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात जरासाही कंप नव्हता. वरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने त्यांच्याकडे बघून मान लववली. ताई खाली बसल्या आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत टाळ्या वाजवल्या. मागे कुणीतरी कुजबुजलं, "ताईसाहेबांचं नाव होतं म्हणे." दुसरा म्हणाला, "छे, अफवा असणार. हे लोक काय, काहीही उठवतात."

भावजय अजून खालच्या मजल्यावर होती, तिची बदली व्हायची होती. ती आणि ताई दोघीच जेवत. धाकट्याचा फोन रोज तिला येई. ताईंशी तो तब्येतीपुरतं बोले आणि ठेवून देई. ताईंनी स्वतःहून काही विचारलं नाही. काय विचारावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि विचारल्यासारखं करून सल्ला द्यायचा, ही जुनी खोड त्यांना आता ओळखू येऊ लागली होती.

एका संध्याकाळी भावजय जिना चढून वर आली. "ताई, तुमच्याशी बोलायचं म्हणतायत," असं म्हणून तिने फोन त्यांच्या हातात दिला आणि खाली निघून गेली.

"ताई, आज हरलो," धाकटा म्हणाला.

ताईंच्या जिभेवर एकदम गर्दी झाली. न्यायाधीश कोण होते, कुठलं कलम लावलं, साक्षीदार कुणी तपासला, अपिलाची मुदत कधी संपते. त्यांनी दात आवळून धरले.

"सांग," त्या म्हणाल्या.

त्याने सांगितलं. एका दूधगाडी चालवणाऱ्याच्या आईचा दावा होता. सगळं ठीक चाललं होतं, आणि मग न्यायाधीशांनी विचारलं, अपघातात चूक मुलाचीच नव्हती कशावरून? तो थबकला. अख्खं कोर्ट वाट बघत होतं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. शेवटी त्याला जे सुचलं ते तो बोलला.

"चुकीचं बोललो, ताई. आता कळतंय काय बोलायला हवं होतं. पण तेव्हा तेच सुचलं. मग बाहेर येऊन त्या आजींना मीच सांगितलं, आजी, माझं चुकलं, पण वरच्या कोर्टात जाता येईल. म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? तर त्या म्हणाल्या, जाऊ या की, तुम्ही असाल तर." मग तो म्हणाला, "इतकी वर्षं तिकडे हरायचो तेव्हा लोक म्हणायचे, ताईसाहेब असून हरले. आणि जिंकायचो तेव्हा म्हणायचे, ताईसाहेब होत्या ना. आज माझा मीच हरलो."

आणि तो चक्क हसला. या हसण्याचा अर्थ लावायला ताईंना वेळ लागला नाही. तो सुखात होता. हे सुख त्यांना त्याला देता आलं नव्हतं. ते त्याने त्यांच्यापासून दूर जाऊन मिळवलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं किती स्वतःसाठी आणि किती त्याच्यासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ऐकतेयस ना?" त्याने विचारलं.

"ऐकतेय." ताईंनी डोळे पुसले. "आता पुढे काय करायचं म्हणतोस?"

असं विचारून त्या गप्प बसल्या, आणि तो बोलेपर्यंत गप्पच राहिल्या.